तारेत ओवलेले मणी

११ फेब्रुवारी १९८६
पावस गावच्या काशीरामची जखम पुन्हा फुटली. वास वॉर्डच्या दारापर्यंत. बायकोच्या भावानं, रघूनं, कोयत्यानं उजवी नडगी तोडली होती. हाडाला बसवलेली स्टीलची पट्टी आता पुवात बुडालीय. डॉ. आगाशे म्हणाले, "पट्टी काढू. इंजेक्शनचं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. मणी करू या." ते मी, लॅबवालीनं, करायचे!

१२ फेब्रुवारी
हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिकची भुकटी, वर द्रव. वासानं डोळे चुरचुरतात. घट्ट व्हायच्या आत मणी वळायचे, स्टीलच्या तारेत ओवायचे. सिमेंट तापतं — हातमोज्यांतूनही चटके बसले.
"जपमाळ झाली," डॉक्टर म्हणाले. "आता जप तुम्ही करा!"
माळ नडगीत बसवली. तारेचं टोक कातडीबाहेर. औषध आतल्या आत पाझरत राहील. एक मणी मी लॅबमध्ये ठेवला — त्याच्याच पुवातले जंतू वाढवलेल्या बशीत.

१४ फेब्रुवारी
मण्याभोवती स्वच्छ कडं. एकही जंतू नाही! कोणाला आनंद दाखवला नाही.
त्याची बायको गोदा लॅबच्या दाराशी आली. "बाय, काडून टाका त्यो पाय."
वाचणारा पाय कोणी कापत नाही, म्हटलं. ती निघून गेली.
रघूनं वार का केला, विचारलं नाही. दारूच्या नशेत, असं सगळे म्हणतात. तो कोठडीत आहे.

१९ फेब्रुवारी
गोदाला पकडलं. काशीराम गुंगीत, आणि हिनं बोटाला तार गुंडाळलेली — ओढतेय! चादरभर रक्त. तो किंचाळत जागा झाला. मी तिच्या मुस्काटात मारली. मी!
ती रडली नाही. झटकन खाली बसली, डोकं दोन्ही हातांत झाकून. सवय असल्यासारखी.
काशीराम कण्हता कण्हता हसला. "आजून एक द्या तिला, बाय."

१० मार्च
माळ काढली. पू नाही.

२ ऑगस्ट
काशीराम काठीशिवाय चालत आला. नारळ आणले. "बगा!" म्हणून उजवा पाय फरशीवर आपटला. "पयल्यापरास जोर हाय!" डॉक्टरांनी परिषदेसाठी पायाचा फोटो काढला.
गोदा दाराबाहेरच थांबली.

२१ ऑगस्ट
गोदाला जीपमधून आणलं. बरगड्या मोडलेल्या, पोटात रक्त. रक्तगट मीच तपासला. बाटली लावेपर्यंत गोदा संपली.
पोलक्यावर, छातीवर, चिखलाचा ठसा होता. उजव्या पावलाचा.