प्रणिताच्या वाट्याचे उपास

राहाता,
२ मार्च २०२५

प्रिय दमयंती हिस,
स. न. वि. वि.

नववीतला शास्त्राचा तो तास आठवतो का गं? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी प्रजनन संस्थेच्या धड्याची चार पानं टाचणीने एकत्र टोचायला लावली आणि घरी वाचा म्हणून त्या पुढच्या धड्याकडे वळल्या. मधल्या सुट्टीत आपण टाचणी काढली, आकृती पाहिली, पोट धरून हसलो आणि तुझ्या डब्यातली गुळपापडी खात टाचणी पुन्हा लावून टाकली. पुढे तुझ्याच भावाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले, गंधार झाला, तरी ती पानं काही वाचली नाहीत. साठी उलटल्यावर आता त्याची लाज वाटते.

फोनवर हे बोलत नाही, कारण आमच्या घरात एकाचा फोन सगळे ऐकतात. गंधारच्या प्रणिताची पाळी पाच महिने आलेली नाही. पहिल्या महिन्यात मी मनातल्या मनात दुपटीसुद्धा शिवली. गंधारने औषधाच्या दुकानातून तपासायची पट्टी आणली, तर काही नाही. नंतर दोनदा पाहिलं, तेव्हाही नाही. लग्नाला चार वर्षं झाली. पोरीचं वजन एकेचाळीस किलो आहे.

आता माझी चूक सांगते. आमच्या दोन एकर पेरूला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. झाड पानं गाळतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. मला वाटलं, बाईच्या कुशीचंही तसंच असेल. तू पाठवलेल्या पोथीवरून सोमवारचे उपास सुरू झाले, गुरुवार मी दिले, शनिवार तिने आपण होऊन धरले. वर एकादशी, चतुर्थी. दिवसभर शाळेत उभी राहून शिकवते आणि पोटात नुसता चहा.

परवा बागेत कामाला येणारी छबूबाई तोंडावर म्हणाली की बाई, सूनबाई लई वाळली हाय, तुमी ताण कुनाला देताय? ताण भरल्या झाडाला द्येत्यात. रोपट्याला दिला तर बहार न्हाई येत, रोपटंच जातं. मी तिच्यावर खेकसले. पण दुपारी माझं ताट तसंच सारून उठले.

तुझी एक विद्यार्थिनी डॉक्टर आहे ना? प्रणिताला तुझ्याकडे पाठवते. घरात सांगितलंय की आत्याला बरं नाही, तेव्हा दोन दिवस जरा कण्हत राहा. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
विजयमाला


अहिल्यानगर,
१९ मार्च २०२५

प्रिय विजू,
स. न. वि. वि.

मी इतकी छान कण्हले की शेजारच्या बाई मऊ भात घेऊन आल्या. दोन दिवस तोच खावा लागला. हे तुझ्या खात्यावर.

डॉक्टर सुकन्याने रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. विजू, प्रणिताच्या गर्भाशयात काही दोष नाही आणि बीजकोशातही नाही. सुकन्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदू त्याच्या तळाशी असलेल्या मटाराएवढ्या ग्रंथीला दर तास-दीड तासाने हाक देतो, ती ग्रंथी रक्तातून बीजकोशाला निरोप धाडते, मग तिथे बीज पिकतं. पण हाक देण्याआधी मेंदू सगळ्या घराची चौकशी करतो. पोटात अन्न येतंय का, अंगावर थोडी चरबी आहे का, झोप होते का, जिवाला घोर आहे का. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथीसुद्धा या पंचायतीत असते. गर्भाशय एकट्याने काहीच ठरवत नाही.

धरणात पाणी कमी असलं की तुमच्याकडे पिण्यापुरतं राखून शेतीच्या पाण्याचं आवर्तन रद्द करतात ना? अगदी तसंच. हृदय, श्वास यांचं पाणी तोडता येत नाही. बाळाचं काम तेवढं पुढे ढकलता येतं, म्हणून शरीराने तेच बंद ठेवलं. ही शिक्षा नाही गं, शरीर तिला जपतंय. मात्र असंच चाललं तर हाडंही ठिसूळ होतील. औषध एकच, रोज तीन वेळा पोटभर जेवण. गंधारलाही तपासून घ्यायला सांगितलंय. दोघांचं काम आहे, एकटीचं नाही.

पण अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. प्रणिताने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाली की आत्या, व्रत अर्धं टाकलं आणि मग मूल झालंच नाही, तर दोष कुणाला लागेल? घरात तर मलाच लावतील. पोथी पाठवणारी मीच.

डॉक्टरच्या सांगण्याने ती जेवणार नाही. ज्यांनी उपास दिले त्यांनीच ते परत मागून घ्यायला हवेत. माझा सोमवार मी मागितला, तर म्हणाली, सासूबाईंना विचारून सांगते. तेव्हा आता तुझ्यावर आहे. उशीर करू नकोस. यज्ञेश्वरदादाला नमस्कार, आणि तुझी आठवण इथे रोज असते हे गृहीत धर.

तुझी,
दमयंती


राहाता,
२० जुलै २०२५

प्रिय दमू,
स. न. वि. वि.

चार महिने तुला फोनवर नुसतं ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहिले, आज सगळं लिहिते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी प्रणिताला देवघरात बसवून म्हणाले, मी दिलेलं मी परत घेते, दोष लागला तर माझ्या माथी. मला वाटलं, रडेल. ती चिडली. म्हणाली की आई, चार वर्षं तुम्ही माझी तारीख मोजलीत, माझं ताट एकदाही पाहिलं नाहीत. खरंच होतं. मी तिच्यासमोर तिच्याआधी रडले, मग तिला माझे डोळे पुसावे लागले. त्या दुपारी ती दोन पोळ्या जेवली.

गंधार तपासणीचं ऐकून आठ दिवस ऑफिसच्या कामाचा आव आणत होता. शेवटी आमचे हेच त्याला म्हणाले की तुला शरम वाटत असेल तर मीही येऊन तपासून घेतो. तो दुसऱ्या दिवशी मुकाट गेला. रिपोर्ट चांगला आहे.

आणि आता बातमी. मंगळवारी सकाळी शाळेत निघताना प्रणिता माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली की आई, पाळी आली. दमू, आजवर ही बातमी आली की माझं तोंड उतरायचं. मंगळवारी मी देवापुढे साखर ठेवली. आमचे हे विचारत राहिले की आज काय आहे, मी सांगितलं नाही. वजन सत्तेचाळीस झालंय. सुकन्या फोनवर म्हणाली की मेंदूने हाक द्यायला सुरुवात केली, आता घाई नको, सहा महिने असंच खाऊ द्या. मूल होईल की नाही हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही.

पण शुक्रवारी श्रावण लागतोय आणि सूनबाईची नजर पुन्हा सोमवारांवर आहे. म्हणून वाटणी कागदावर लिहून मोकळी होते, एक प्रत तुला, एक स्वयंपाकघराच्या दाराला. श्रावणाचे चारही सोमवार गंधारला. तो बाहेर वडापाव खातो का, हे देव आणि तो बघून घेतील. गुरुवार आमच्या ह्यांना, पोट बरंच पुढे आलंय. शनिवार तुला, त्यात सवलत नाही. एकादशी आणि चतुर्थी मला. शुगरमुळे उपास जमत नाही, म्हणून त्या दिवशी मी चहा सोडते, आणि ते किती कठीण ते तुला ठाऊक आहे. छबूबाईला नवं लुगडं. आणि प्रणिताला रोज पहिलं ताट, गरम पोळी आणि वर तूप, घरातल्या पुरुषांच्याही आधी.

तुझी,
विजयमाला