नाथाला घर न्हाई

व्हय मास्तर, शुद्धीवर हाय. आन घर देवाला का देत न्हाई म्हनून इचारताय, तर तेबी ह्यातच लिहिनार हाय. मरायच्या कागदात मनातलं लिहू नये आसा सरकारचा कायदा आसंल तर दाखवा. न्हाईतर गप बसा आन च्या प्या.

मी दगडाबाई सहादेव खेतमाळीस, वय साठाच्या पुढं, धंदा शेती आन लोकांच्या चौकशा, राहनार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर. गावच्या शाळेत चार बुकं शिकले. हे मृत्युपत्र माझ्या हातानं, स्वखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुनाच्या धाकानं न्हाई, कसली नशापानी न करता लिहिते. सकाळी मिसरी लावली हाय, ती नशेत धरू नये.

कलम पयलं. घर. दोन खोल्या, पडवी आन म्होरलं आंगन. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला राहीबाईचा गोठा, उत्तरेला चिंच, दक्षिनेला श्रीमंतबुवांचा वटा. त्या वट्यावर बुवा दिवसभर बसून माझ्या दाराकडं बघत आसत्यात. जुनं घर वाटनीत दिराकडं गेलं, तवा ही जागा मी बापानं घातलेल्या पाटल्या मोडून घेतली. खरेदीखत माझ्या नावचं हाय. माझ्या मागं हे घर माझी लेक केशर हिचं. तिला नवऱ्यानं टाकली. तिला दुसरं छप्पर न्हाई. पोस्टात जे काय आसंल तेबी तिचंच, आन दळायचं जातंबी.

आता श्रीमंतबुवा आन त्यांचं भजनी मंडळ म्हनतंय, हे घर कानिफनाथाचं. मालक गेल्यावर म्हैनाबी झाला नसंल, तवाच बुवा पडवीत येऊन बसले.

"वैनी, सहादेवआबा ह्या पडवीत नाथाशी बोलायचे आन नाथ त्यास्नी पावायचा. ही जागृत जागा हाय. हितं मठ झाला पायजे."

"आन केशर कुठं जाईल?"

"नाथ बघंल की."

"मग नाथाला म्हना, बुवांच्या वट्यावर बांध मठ. बुवांचं तू बघ."

तवापास्नं बुवा माझ्या हातचं पानी पीत न्हाईत. माझा माठ भरलेला ऱ्हातो.

मी देव मानत न्हाई हे गावाला ठावं हाय. पन लोक का मानत्यात ते मला ठावं हाय, कारन मी बघत आले. ही राहीबाई. दर शनिवारी मारुतीला जाती आन पदर तोंडात घालून रडती. घरात रडली तर सासू म्हनती, "कोन मेलं गं?" मारुती इचारत न्हाई. बुवांचं बघा. घरात सून भाकर आपटून वाढती, लेक उलट बोलतो. देवळात टाळ वाजला की सारा गाव गप बसून त्यांचं आयकतो. मला कुनी आसं गप बसून आयकलं आसतं तर मीबी रोज आंघोळ करून गंध लावलं आसतं. दुष्काळात आमी खडी फोडायला जायचो. सरकार वाटायचं त्या सुकडीच्या रांगेला जेवढी मानसं, तेवढीच संध्याकाळी सप्त्याला. यंदा पाऊस पडला तर बुवा म्हनत्यात सप्त्यानं पडला. गेल्या साली सप्ता ह्याहून मोठा झाल्ता. तवा ढगास्नी आयकू गेलं नसंल.

मानसाला मानसाशी बोलायची लाज वाटती. तसबिरीशी बोलायची वाटत न्हाई. माझ्या मतं सगळा देव एवढाच हाय.

हे मी मालकांवरनं शिकले. मालक दर साली मढीला नाथाच्या यात्रेला जायचे. येताना रेवड्या आनायचे, बांगडी कधी न्हाई. घरात त्यांचं बोलनं म्हंजी "भाकर", "पानी", "दार लाव". पन दिवेलागनीला नाथाच्या तसबिरीम्होरं बसले की आसे मोकळे बोलायचे, जशी काय माहेरची मैतरीन भेटली. कानिफनाथ हत्तीच्या कानातनं जन्मला म्हनत्यात. त्याला आयकू लई येत आसंल. मी आपली आईच्या पोटातनं आलेली.

पन मालक बोलायला बसले की मी आतल्या दाराआड उभी ऱ्हायची. एकदा म्हनले, "नाथा, पाठ लई धरली रं." मी करडईचं त्याल कोंबट करून नेलं.

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्या चालन्यावरनं दिसतंय की."

"नाथानं सुचवलं आसंल," म्हनले, आन तसबिरीला हात जोडले. पाठीवर हात माझा, आन नमस्कार तिकडं.

मग म्हनले, "नाथा, हरन्याच्या खांद्याला सूज आलीया, जू घिऊ देत न्हाई." मी हळद उगाळली, गोठ्यात जाऊन बैलाला लेप दिला. सूज उतरली तवा मालकांनी साऱ्या आळीला रेवड्या वाटल्या. मलाबी दिली एक. कडू लागली.

केशरचंबी तसंच. "नाथा, पोर सपनात रडती, तिचं काय चाललंय कुनास ठावं." दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसून तिच्या सासरी गेले. पोरीच्या आंगावर हाडं तेवढी ऱ्हायली हुती. हाताला धरून घिऊन आले. मालक दारात आले, लेकीला जवळ घेतली, आन माझ्याकडं न बघता म्हनले, "नाथा, आनलीस रं!" आन नारळ फोडला. आख्ख्या गावात झालं, सहादेवाला नाथ पावला.

तवा श्रीमंतबुवा, ही जागा जागी हुती हे खरं हाय. मी जागी हुते.

कलम दुसरं. नाथाची तसबीर आन मालकांचा भजनात वाजवायचा चिमटा बुवास्नी द्यावा. मालकांचे दोस्त हायेत, जपतील. त्यांनी तसबिरीशी खुशाल बोलावं, पन आतल्या दाराआड सुनेला उभं करावं, न्हाईतर काय पावनार न्हाई.

कलम तिसरं. शेळी राहीबाईला. अट एकच. शनिवारी मारुतीकडं रडायचं न्हाई, माझ्या पडवीत येऊन केशरपाशी रडायचं. केशरनं च्या करायचा आन "कोन मेलं" म्हनायचं न्हाई. मारुतीला राग आला तर त्यानं माझ्याकडं यावं.

कलम चवथं. माझं दहावं घालू नये. कावळा शिवला न्हाई तर बुवा म्हनतील, म्हातारीची इच्छा ऱ्हायली. ऱ्हायलीच हाय. पन ती कावळ्यापाशी बोलायची न्हाई.

ह्याआधी मी कुठलं मृत्युपत्र केलं न्हाई. दोघा साक्षीदारांनी मला सही करताना बघितलं आन माझ्याम्होरं सह्या केल्या. सही करताना मास्तरांचा च्या सांडला, तो डाग खाडाखोड धरू नये.

सही: दगडाबाई सहादेव खेतमाळीस
साक्षीदार: १) राधाकृष्ण विष्णू क्षीरसागर, रिटायर मास्तर. २) काकासाहेब बाबू घोडके, शेती.
मुक्काम मिरजगाव, मंगळवार, तारीख ११ डिसेंबर १९७३.

साक्षीदार गेले. हे खालचं कलम न्हाई, ह्याच्यावर कुनी हक्क सांगू नये.

दाराआड मीच हुते हे मी मालकांना मरंपत्तर सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर ते बोलायचे थांबले आसते. आन मी काय त्याल तापवायला उभी ऱ्हात न्हवते. त्या बोलन्यात हरन्याचं निघायचं, केशरचं निघायचं, हिरीच्या पान्याचं निघायचं, पार बुवांच्या खोकल्याचंबी निघायचं. मी वाट बघायची, कवातरी माझं निघंल. "नाथा, घरची लई राबती" एवढं जरी. एकदाबी निघालं न्हाई.

केशर नसती तरी मी हे घर नाथाला दिलं नसतं.