तुमचं टेबल आणि समोरची खुर्ची

बाबा, आज मी घरी आहे आणि कामावरही आहे. थांबा, चिडू नका. रजा टाकलेली नाही, दांडी तर नाहीच नाही. आता सरकारी काम आठवड्यातले दोन दिवस घरून करता येतं. डिलाईल रोडच्या आपल्या याच खोलीत, जिथे तुम्ही आरसा टेकवून दाढी करायचात त्या खिडकीपाशी, मी लॅपटॉप उघडून बसलेय. फायली आता पडद्यावरच येतात. मी वाचते, शेरा मारते, पुढे पाठवते. शेजारच्या काकू मात्र अजून होत्या तशाच आहेत. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो, आज हापिसाक नाय गेलंस?" म्हटलं, हेच ऑफिस. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "मगे तुझो सायब खंय बसता? मोरीत?" इतकी हसले मी! आणि हे तुम्हाला सांगायचं म्हणून तुमच्या खाटेकडे वळले, सवयीने. इतकी वर्षं झाली, तरी वळतेच.

तुम्हाला हे पटलं नसतं, ठाऊक आहे मला. ऑफिसचा कागद घरी आणायचा नाही आणि घरची कटकट ऑफिसात न्यायची नाही, असा तुमचा खाक्या. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा हट्ट करून मी तुमच्याबरोबर फोर्टातल्या ऑफिसात आले होते. पेन्शनची शाखा, उंच छत, कुरकुरणारे पंखे, आणि बघावं तिकडे फायली. टेबलांवर, कपाटांवर, खिडक्यांत, इतकंच काय, टेबलासमोरच्या खुर्च्यांवरसुद्धा. रिकामी खुर्ची फक्त तुमच्यासमोर. मी आपली खुशाल तिच्यावर मांडी घालून चिवडा खातेय, तेवढ्यात बगलेत कापडी पिशवी धरलेले एक म्हातारे गृहस्थ येतात आणि तुम्ही माझ्यावर असे खेकसता की चिवडा सांडतोच. "ऊठ आधी! ती खुर्ची येणाऱ्या माणसाची आहे." आणि लगेच त्यांच्याकडे वळून, अगदी निराळ्या आवाजात, "बसा. पाणी घ्या. मग सांगा." परत येताना मी गाल फुगवून बसले होते, तर तुम्ही गिरगावात उतरून मला पियूष पाजलंत. म्हणालात, "उभ्या माणसाला आपलं म्हणणं नीट सांगता येत नाही गो. तो घाबरलेला असतो. मग अर्धंच सांगतो आणि परत परत खेपा घालत बसतो." मला तेव्हा त्यातलं फक्त पियूष कळलं.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात. अनुकंपेवर मला तुमच्या जागी घेतलं. लोक नोकरी लागली की पेढे वाटतात, आणि आपल्याकडे आई माझं नेमणुकीचं पत्र मांडीवर घेऊन रडत बसली होती. पहिल्या दिवशी तुमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी टेबल फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "इथेच बस पोरी, हे त्यांचं." लाकडी टेबल, कडेला चहाच्या ग्लासाची गोल खूण, आणि तुमचं कोपर टेकून टेकून पॉलिश उडालेली जागा. खालचा खण जरा उचलून ओढल्याशिवाय उघडत नाही हे मला कुणी सांगायला लागलं नाही. तुम्हाला ओढताना पाहिलं होतं ना. मी त्या उडालेल्या जागेवर माझं कोपर ठेवलं आणि मला एकदम बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

तर आता काय झालंय, ते ऐका. घरून काम हे आधी तात्पुरतंच होतं, आणि ते कायम करावं की बंद करावं यावर साहेबांनी शाखाप्रमुख म्हणून माझा लेखी अभिप्राय मागितला. हो, तुमची मुलगी शाखाप्रमुख झाली, टेबल मात्र तुमचंच ठेवलं! कायम झालं तर माणशी एक टेबल लागणारच नाही. जो येईल त्याने रिकामी दिसेल त्या जागेवर बसायचं. नवीन फर्निचर येईल आणि जुनी लाकडी टेबलं लिलावात जातील. म्हणजे तुमचंही जाईल. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, बदलापूरहून येते, तान्हं बाळ सासूजवळ ठेवून. हुशार आहे, झपाट्याने काम करते. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही नको लिहिलंत तर मला सोडावीच लागेल ही नोकरी." मी म्हटलं, बघू. आणि मनात काय होतं सांगू? टेबल. तिचं बाळ नव्हतं, कामाचा उरक नव्हता, काही नव्हतं. 'हो' लिहिलं तर माझे बाबा जातील, एवढं एकच होतं.

अभिप्राय तसाच अडवून ठेवला मी. साहेबांनी आठवण करून दिली, मी कामाचं निमित्त सांगितलं. आणि मग त्याच आठवड्यात, घरी असताना, आजऱ्याकडच्या एका बाईंशी व्हिडिओवर बोलायचं होतं. नवरा वारलेला, फॅमिली पेन्शन नावातल्या फरकामुळे अडकलेली. पडद्यावर नुसता पदर दिसत होता आणि मागे फळीवर लख्ख घासलेली भांडी. बाई बोलेचनात. काही विचारलं की "होय जी", पुढचं विचारलं की परत "होय जी". माझ्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "बसा ना. पाणी घ्या. मग सांगा." तिकडून हळूच आवाज आला, "बसू का?" अहो, ती बाई तिच्याच घरात, फोनसमोर, इतका वेळ उभी होती! सरकारी माणसाशी बोलायचं म्हणून! मी म्हटलं, "अहो ताई, घर तुमचंच आहे हो." कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, आणि मग पदराच्या जागी त्यांचा चेहरा आला. त्या आधी रडल्या, मग घडाघडा सगळं सांगितलं, माहेरचं नाव, सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरची चूक. काम मार्गी लागलं. नाहीतर रात्रभर एसटीत बसून मुंबईत आल्या असत्या आणि माझ्यासमोर येऊनही "होय जी"च म्हणत राहिल्या असत्या.

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. कारण मघाचा तो आवाज तुमचा होता बाबा. टेबल फोर्टात होतं आणि आवाज इथे, या खिडकीपाशी. डोळे पुसले आणि लगेच अभिप्राय लिहिला, घरून काम चालू ठेवावे. बदलापूरच्या मुलीला कळवलं, तर तिने फोनवर बाळाचं हसणं ऐकवलं मला.

वरून मंजुरी आली, टेबल पुढच्या सोमवारी जाणार आहे. इथे मी लॅपटॉपच्या पलीकडे एक खुर्ची मांडून ठेवलीय. येतं कोण म्हणा तिच्यावर बसायला! पण काल काकूंनी तिच्यावर पापडांचं ताट ठेवलं आणि मी अशी खेकसले की त्या ताट घेऊन उलट्या पावली गेल्या. रुसल्यात. उद्या जाऊन समजूत काढते.

हे पत्र पाठवू कुठे? तुमचे पत्ते दोनच, ते टेबल आणि ही खोली. एक जातोय आणि दुसऱ्यावर पोस्टमन मलाच आणून देईल. म्हणून राहू दे माझ्याचजवळ. एक तेवढं सांगायचं राहिलं. मध्यंतरी ऑफिसात माझा सत्कार झाला, शाल, नारळ, सगळं. मॅडम कधी रजा घेत नाहीत, अंगात ताप असला तरी येतात, कामावर काय ती निष्ठा, असं साहेब भरभरून बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कामासाठी नव्हते जात हो बाबा. मी तुमच्याकडे जात होते.