गच्चीवरनं गेलेली सावली

शुक्रवार, मार्गशीर्ष वद्य द्वादशी

विसरायच्या आत लिहिते. नातसून शैलाला पाचवा महिना. आज दिवेलागणीनंतर आभाळातला कुठलासा दगड एका चांदणीपुढनं जाणार होता. चांदणी किती वेळ झाकते ते शैला दुर्बिणीतनं बघून मोजणार. त्या दगडाची सावली जिथनं जाईल तिथंच चांदणी झाकलेली दिसणार, आणि ती नेमकी कुठनं जाईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून नातू दुसरी दुर्बीण घेऊन कागलला गेलेला. मी म्हटलं, झाकतंय म्हणजे ग्रहणच की! पोटुशीनं बघायचं न्हाय.

"आजी, सावली काय उंबऱ्याबाहेर थांबती व्हय?" शैला हसली. पण ऐकलं पोरीनं. सेकंदाचं घड्याळ घेऊन गच्चीच्या जिन्याच्या दारात बसली. दुर्बिणीला डोळा मी लावला. चांदणी गेली की मी ओरडायचं, तिनं बटण दाबायचं.

ढग नव्हता, वारा नव्हता. आणि चांदणी गेली. कुणी फुंकर मारावी तशी. "गेली!" मी ओरडले. सहा आकडे मोजेपर्यंत नुसता काळोख, मग आपसूक परत. ढग नव्हता, खरंच नव्हता.

"दाबलंस न्हवं?"

वळून बघितलं तर घड्याळ मांडीवर आणि दोन्ही हात पोटावर.

"आजी, तुम्ही ओरडायच्या जरा आधीच बाळ हाललं. पहिल्यांदाच."

आधी? त्याला कुणी सांगितलं?

मग शेजाऱ्यांकडं नातवाचा फोन आला. कागलात चांदणी जराही झाकली न्हाय. म्हणजे सावली आमच्याच गच्चीवरनं गेली, आणि नेमकं मोजमाप कुणाकडंच न्हाय. शैला रडली. मला मात्र आनंद मावेना, पतवंड हाललं की! तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले. वर बघायचं धाडस मात्र झालं न्हाय.