न वाजलेलं फाटक

१२ फेब्रुवारी

चि. ठमी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याशीच, लोकांना ऐकू जात नाही.

घरी वर्दळ तशीच. आपल्या घरात शूट झालेली ती मालिका संपून वर्ष झालं तरी घर बघायला बस भरभरून येतात. फाटक खडखडवतात, दारावर तीनदा टकटक करतात आणि मी करडी शाल पांघरून दार उघडते. मग मालिकेतल्या आईचं वाक्य म्हणायचं, "आलीस, बाळा? किती वाट पाहिली." चांगल्या मोठ्या बायका गळ्यात पडून रडतात गं. खरंखुरं. मग डोळे पुसून फोटो. परवा एकीनं मला सुनावलं, काकू, तुमच्या घरात खुर्ची चुकीच्या जागी आहे.

बाबा जाऊन महिना होत नाही तोच त्यांची खोली मी शूटिंगला दिली, म्हणून तू गेलीस. त्या खोलीच्या भिंतीवर परवापर्यंत मालिकेतल्या वडिलांचाच फोटो होता. हे आज लिहिणार नव्हते.

रविवारी दुपारी गर्दी होती. टकटक झाली. उघडलं तर तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल लावलेली एक बाई. मी वाक्य म्हटलं. ती गळ्यात पडली नाही, फोटोही काढला नाही. आणखी काही ऐकायचं असल्यासारखी नुसती उभी. मी म्हटलं, "झालं हं ताई, पुढच्यांना येऊ द्या."

ती गेली आणि फाटक वाजलं नाही.

जरा उचलून ओढलं तरच ते वाजत नाही, हे आपल्या तिघांनाच ठाऊक. मी धावले तोवर बसमधून नवी माणसं उतरत होती. एक मुलगी म्हणाली, "काकू, दार लावून घ्या ना, आम्हाला वाजवायचंय."

आणि मी लावलं, ठमे. दाराआड शाल सावरत उभी राहिले.

ती तू नसलीस तर हे पत्र फाडून टाक. असलीस तर कळतंय मला, ते वाक्य ऐकायला तू आली नव्हतीस.

येत्या रविवारपासून घर पाहायला मिळणार नाही, अशी पाटी लावली आहे. तो फोटो उतरवला. खुर्ची बाबा ठेवायचे त्याच जागी आहे. दार नुसतं लोटलेलं असेल आणि मी फाटक न वाजण्याकडे कान लावून बसेन.

तू शाळेतून आलीस की म्हणायचे, तेच त्या दिवशी तोंडात यायला हवं होतं: आल्या का बाईसाहेब? चपला सरळ काढा.

तुझी, मालिकेतली नव्हे,
आई