सावलीबाहेरची फुली

मंगळवार, संध्याकाळ

स्फटिक चांगला आहे. आधी हे लिहून टाकते, मग चहा.

सकाळपासून सॉफ्टवेअर एकच सांगत होतं, स्फटिकाच्या एक्स-रेतल्या ठिपक्यांची जुळणी होत नाही. सर म्हणाले, "स्फटिकच दुभंगलेला दिसतोय, नवा वाढव." म्हणजे परत कित्येक महिने. एवढा एकच तर धड आला होता. रडायचंच बाकी होतं.

मग शेजारच्या टेबलावरची शबाना खुर्ची ओढून बसली. "नुसती बटणं काय दाबतीयास? फोटो उघड की."

एक्स-रेचा फोटो उघडला. स्फटिकानं उमटवलेले ठिपके एकीकडे, ते जिथं पडायला हवेत तिथं सॉफ्टवेअरनं काढलेले गोल दुसरीकडे. स्फटिकातून सरळ आलेला किरण जिथं आदळतो तिथं लाल फुली दाखवतात. ती मधल्या काळ्या सावलीत पाहिजे, किरण अडवणाऱ्या चकतीच्या. आमची फुली सावलीच्या बाहेर.

लॅबची रीतच आहे, जुनी सेटिंग उचलायची आणि पुढे जायचं. दुरुस्तीनंतर यंत्र थोडं सरकलंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सेटिंगचे रकाने भरलेले दिसले की मला सगळं बरोबरच वाटतं. का वाटतं?

माउसनं फुली धरून सावलीत ओढली. सगळे ठिपके आपापल्या गोलात बसले.

सरांना फोन केला. त्यांनी सेटिंगची तारीख विचारली. मग म्हणाले, "ती सेटिंग माझीच हाय. शबानाला सांगू नकोस."

फोन स्पीकरवर होता.