धुतलेला दगड

बुधवार, १४ तारीख
मुक्काम डोंगरावर, कॅम्प

चिरंजीव छोट्या,

पोचले. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे आपापल्या जागेवर आहेत. तू कसा आहेस ते विचारत नाही. मी दुकानात नसले की तू कसा असतोस ते मला माहीत आहे. कपड्यांचे ढीग पडले असतील आणि गिऱ्हाइकं दारात उभी राहून ओरडत असतील. डॉक्टरणीचे पांढरे कोट निळीत बुडवून विसरू नकोस. मागच्या वेळी त्या बिचाऱ्या आभाळासारख्या दिसत होत्या.

इथे फोन लागत नाही. लागला असता तरी मी पत्रच लिहिलं असतं, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. भाजीची गाडी फक्त बुधवारी खाली जाते, म्हणून इतके दिवस गेले, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे देते आहे. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. उभ्याउभ्या वाचू नकोस. बस आधी.

पहिल्यांदा सहलीचं सांगते, तुझ्या बायकोचं मग.

माणसं पैसे भरून फुलपाखरं बघायला इतक्या वर येतात यावर माझा विश्वास नव्हता. येतात रे! आमच्या गटात एक रिटायर झालेले बँक मॅनेजर आहेत, त्यांचा कॅमेरा आपल्या इस्त्रीएवढा जड. एक दातांची डॉक्टर आहे. दोघी बहिणी आहेत, शाळेत शिकवतात आणि एकमेकींच्या प्रत्येक वाक्याला "तसं नाही गं" म्हणतात. आणि मी. सकाळी सगळ्यांना रांगेत चालवतात. बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, अत्तर लावायचं नाही. इतकी हळू मी माझ्या लग्नातसुद्धा चालले नव्हते. पहिल्या दिवशी मी पुढे निघून गेले तर मागून आवाज आला, "आई, थांबा. तुमच्या पायाशी बघा." बघितलं तर चिखलावर शंभरेक पिवळी बसलेली, चहा प्यायला जमल्यासारखी. माझा पाय त्यांच्यावर पडणार होता.

आवाज तुझ्या बायकोचाच. आमची गाइड तीच.

मी गाडीतून उतरले तेव्हा ती यादी घेऊन उभी होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडेल असं मला वाटलं होतं. नाही पडला. माझी पिशवी घेतली आणि सगळ्यांना म्हणाली, "या माझ्या सासूबाई. यांना लवकर चहा द्या, नाहीतर आपलं काही खरं नाही." सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

छोट्या, आपल्या दुकानात या पोरीचा आवाज मी किती ऐकला? "हो आई", "झालं आई", संपलं. इथे ती मॅनेजरसाहेबांना "खाली बसा" म्हणते आणि साहेब गुडघे कडकड वाजवत बसतात. पान उलटं करून अळी दाखवते, ती मोठी होऊन काय होणार ते सांगते, आणि मग सगळ्यांनी बघून होईपर्यंत गप्प राहते. मला तर कुणाची धुलाई गप्प बसून बघता येत नाही. तिला येतं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

कॅम्पच्या मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे एक मोठा सपाट दगड आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी तिकडे गेले तर दगडावर घाणीचा थर. काळी पडलेली केळी, आंबलेला कसला तरी लगदा, वर सडके मासे. वास असा की डोळ्यांत पाणी. म्हटलं, आचारी आळशी दिसतो. मला घाण बघवत नाही हे तुला माहीत आहे. न्हाणीघरातून ब्रश आणला, साबणाची पावडर आणली, घासघास घासला आणि शेवटी फिनेल ओतलं. दगड असा निघाला की त्यावर तान्हं मूल निजवावं. त्याच वेळी तिकडे चहाला तुझी बायको सगळ्यांना सांगत होती की दगडावर तिने आठवडाभर आमिष लावून ठेवलं आहे, आणि त्या वासाने उद्या दोन शेपट्यांचं फुलपाखरू येईल, जे बघायला ही माणसं मुद्दाम आली आहेत. मी चहाला गेलेच नव्हते. मला बसून ऐकायचा कंटाळा.

शनिवारी सकाळी मालक आले. सहली काढतात ते मालक. पुढच्या हंगामाला हिलाच ठेवायचं की दुसरं कोणी बघायचं, ते ठरवायला आले होते. आम्ही सगळे दगडासमोर गवतात बसलो. ऊन दगडावर आलं. काही नाही. माशीसुद्धा नाही. सगळा डोंगर दवाखान्यासारखा वास मारत होता.

तिने दगडाला हात लावला, बोटं हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच.

मालक म्हणाले, "काय हो मॅडम, लोकांना दगड बघायला आणलंत का?"

ती म्हणाली, "लगदा जुना झाला होता. मीच धुवायला सांगितलं. चुकलं माझं."

"असं चुकायचं असेल तर पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी बघू."

खरं सांगते, छोट्या, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की झालं आपलं काम. तिची नोकरी गेली की ती माझ्याबरोबर गाडीत बसते आणि तू मला ज्यासाठी धाडलंस ते आपसूक होतं. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. तू शिकवलेलं ते खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती. "सांग तिला, आईला मोठं आजारपण निघालंय, ऑपरेशन आहे, तू आलीच पाहिजेस." गाडीत बसल्यापासून ते वाक्य तोंडात घोळवत होते, खडा घोळवावा तसं.

पण तिचं ते "चुकलं माझं" माझ्या कानात अडकलं. तोच आवाज. दुकानात शर्ट जळला की ती गिऱ्हाइकासमोर अशीच पुढे व्हायची, "माझ्या हातून झालं." मी खरं धरायचे. तिला चारचौघांत बोलायचे. त्यातले किती शर्ट तिने जाळले होते रे? आणि किती तू?

मी उभी राहिले. म्हटलं, "दगड मी धुतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. ही मला पाठीशी घालते आहे."

मालक म्हणाले, "वा! सासूबाईंनी सुनेचं कामच धुऊन काढलं."

म्हटलं, "हसा. पण कुणाला काढायचं असेल तर मला काढा. मी तुमच्या नोकरीत नाही, तेव्हा तेवढंही तुमच्याच्याने व्हायचं नाही." दातांची डॉक्टर खोकल्यासारखं करून हसली.

तुझी बायको मात्र हसली नाही. तिने सगळ्यांना ओढ्याकडे नेलं, वासापासून लांब, आणि म्हणाली, "मोजे काढा सगळ्यांनी."

"इथे?" डॉक्टर म्हणाली.

"घामात मीठ असतं. त्यांना तेही लागतं."

मॅनेजरसाहेब ओशाळले. "माझे तीन दिवसांचे आहेत हो."

"उत्तम! तुमचे मधोमध ठेवा."

तू असायला हवा होतास. चांगली शिकलेली माणसं अनवाणी बसलेली आणि त्यांच्यासमोर ऊन खात पडलेले मोजे. माझे हात असे शिवशिवत होते की मी ते मांडीखाली दाबून ठेवले. थोरली बहीण म्हणाली, "काही येणार नाही गं." धाकटी म्हणाली, "तसं नाही गं," आणि तेवढ्यात ते आलं.

जोरात आलं, कुणी फेकल्यासारखं. मॅनेजरसाहेबांच्या मोज्यावर बसलं. काळपट तपकिरी, मधून मलईच्या रंगाचा पट्टा, इस्त्रीची घडी असावी तसा सरळ, आणि मागे दोन टोकदार शेपट्या. सोंड काढली आणि लागलं प्यायला. साहेब कॅमेरा उचलायचाच विसरले. मग दुसरं आलं. एक माझ्या मनगटावर उतरलं, घामावर. गुदगुल्या होतात, सुईच्या टोकाने लिहिल्यासारख्या. मी हलले नाही. मी, छोट्या. ते आपणहून उडेपर्यंत हलले नाही.

मालकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, तिला पुढच्या हंगामाचं विचारलं. ती "हो" म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुपारी मी ते मोजे धुवायला घेतले, तेव्हा ती पिळायला येऊन बसली. मी तिला तुझं सगळं सांगितलं. आजारपणाचं, ऑपरेशनचं. ती म्हणाली, "मला कळलंच होतं, आई. आजारी माणूस एवढा चढ मला मागे टाकून चढत नाही." मग साहेबांचा मोजा पिळून वाळत टाकत म्हणाली, "मी सोडून आले नव्हते. हंगाम संपला की येते, असं सांगून आले होते. तेच म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. "ती ऐकत नाही, ती येत नाही", एवढंच सांगितलंस आणि मला माझ्याच सुनेला फसवायला गाडीत बसवलंस. मला राग आला आहे. पण राग या कागदावर काढला तर पत्र फाटेल, म्हणून समोर आल्यावर काढीन.

तिने एक विचारलं. "त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं का, की मी इथे काय करते?" तू "आण" म्हणालास, विचारलं काही नाहीस.

तर ऐक. मी तिला आणणार नाही. रविवारी एकटी येते. आल्यावर दुकान मी सांभाळीन, तुझ्या जन्माआधीपासून सांभाळते आहे, ते माझ्यावाचून बुडतं, तुझ्यावाचून बुडत नाही. तू सोमवारच्या गाडीने इकडे निघ. तिला न्यायला म्हणून निघू नकोस. "येऊ नकोस" म्हणालास ते शब्द तुझे, ते तूच येऊन परत घे. मी तुझ्या वतीने घेणार नाही. त्यावर ती काय म्हणेल ते मी तिला विचारलेलं नाही आणि तूही माझ्याकडून जाणून घेऊ नकोस. कदाचित नाही म्हणेल. मग तेवढं ऐकून, मान खाली घालून ये, मी दारात असेन.

पण जाशील तू. तुझ्या बापाचा हट्ट तुझ्यात आहे, तसं माझं तोंडही आहे, आणि आजवर तू ते नको तिथेच वापरलंस.

गाडीवाला भोंगा वाजवतो आहे. आशीर्वाद पाठवते, तुला आणि तिला, मापून सारखे.

आई